पळसाच्या पानावरचा मणी

उकंडरावानं दोन वर्षांनी माणसाचं बोट पाहिलं, आणि मारुतीच्या पारापुढं जमलेली शे-दीडशे माणसं टाचा उंचावून पाहू लागली.

"किती?" महाराजांनी विचारलं.

"तीन," उकंडराव म्हणाला आणि रडायला लागला.

महाराजांनी त्याच्या डोळ्यात टोचलेली सुई धोतराला पुसली. कापसाचा बोळा उकंडरावाच्या डोळ्यावर दाबला, मंत्र पुटपुटले आणि बोळा पळसाच्या पानावर झटकला. पानावर एक पांढराशुभ्र मणी घरंगळला. हेच ते अंधाराचं बीज, महाराज म्हणाले, सात जन्मांचं पाप डोळ्यात गोठून बसतं. मग हिरव्या फडक्यानं डोळा बांधला आणि बजावलं की सात दिवसांच्या आत पट्टी सोडेल त्याचा डोळा देवी परत नेईल. महाराज हिमालयातून आले होते असं ते स्वतः सांगत. जेवायला बसले की मात्र मिरचीचा ठेचा मागत, तोही शेंगदाणे घातलेला.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. धामणगाव बढ्यापासून दोन कोसांवरचं हे गाव, निम्म्याहून जास्त माळकरी. चांगुणा सासूचा हात धरून पाराच्या पायरीशी उभी होती. पुढचा नंबर सासूचा, जनकाबाईचा.

जनकाबाईचा उजवा डोळा पांढरा पडला होता, डाव्यावर धुकं चढत होतं. गेल्या महिन्यात भाकरी समजून तिनं तापल्या तव्यावर हात ठेवला. तेव्हापासून ती चुलीपुढं बसेना. मरणाचं तिला काही वाटत नव्हतं. आपल्याला उचलून कोपऱ्यात ठेवतील आणि जेवायच्या वेळी हाक मारतील, याची भीती होती. सुई टोचून घ्यायचं तिचं तिनंच ठरवलं होतं. आता मात्र तिचा हात ओल्या फडक्यासारखा गार पडला होता.

पान हातोहात फिरत होतं. बाया मण्याला कुंकू लावत होत्या. पान चांगुणाच्या हातात आलं, तिनं मणी डोळ्यांजवळ धरून पाहिला.

तिनं तो ओळखला होता. तिचं माहेर पूर्णेच्या काठचं. कालवणात शिजली की मासोळीच्या डोळ्यातून असाच पांढरा, कडक मणी निघे. लहानपणी असे कितीतरी मणी ती खेळली होती. पण सोयरीक जमवताना बापानं सांगितलं होतं, आमच्याकडं कोणी मासे-मटण खात नाही. सहा वर्षं ती या घरात तुळशीची माळ घालून वावरत होती. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतल्या कोणीही हा मणी एका नजरेत ओळखला असता. ती माणसं आली होती, लांब उभी होती. पण पान तिथवर कोणी जाऊ दिलं नव्हतं.

तिनं मण्याला हळूच नख लावलं. कांद्यासारखा पापुद्रा निघाला.

तोवर जनकाबाईनं पायरीवर पाय ठेवला होता. बोललं तर बापाचं खोटं उघडं पडणार, कदाचित माहेरी जाऊन बसावं लागणार. न बोललं तर ती सुई.

"आत्याबाई, थांबा. हे माणसाच्या डोयातलं नाही. शिजवलेल्या मासोईचा डोया हाय हा."

कोणी हसलं नाही. महाराज तेवढे हसले. "मुली, तुले कसं माहीत?"

"मी खाल्ली हाय. लग्नाआधी. लय वेळा."

गर्दीत उभ्या नवऱ्यानं मान खाली घातली. बाया दोन पावलं मागं सरल्या. महाराजांना हेच हवं होतं. त्यांनी उकंडरावाकडं बोट केलं. "बाटलेल्या तोंडानं बोलतेस. मग याले दिसलं कसं? सांग सगळ्यांले."

उकंडरावाला दिसलं होतं, हे तर तिनंही पाहिलं होतं. जनकाबाईनं तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. आपणच सासूचा डोळा घालवतोय की काय, असं चांगुणाला वाटलं.

जनकाबाई खाली उतरली. "मी आज बसत नाही. उकंडरावची पट्टी सुटू द्या, मंग पाहू."

मुहूर्त टळतो, महाराज म्हणाले.

"दोन वर्सं अशीच काढली, महाराज. सात दिवसानं काय होते?"

दुसऱ्या दिवशी पार रिकामा होता. महाराजांना म्हणे दुसरीकडून बोलावणं आलं.

घरात जनकाबाई चांगुणाच्या हातचं जेवत होती, बोलत नव्हती. चौथ्या दिवशी उकंडराव डोकं भिंतीवर आपटू लागला. पट्टी सोडायची कोणाची छाती होईना. पाचव्या दिवशी त्याच्या बायकोनं, सोजराबाईनं, रडत रडत फडकं सोडलं. आत डोळा नव्हताच म्हणायचा. लाल गोळा आणि पू.

त्याला बैलगाडीनं धामणगावला नेलं, तिथून यष्टीनं बुलढाण्याच्या दवाखान्यात. जनकाबाई आपणहून गाडीत चढली आणि चांगुणालाही चढ म्हणाली.

डॉक्टरांनी उकंडरावाला तपासलं, औषधं सुरू केली. बाहेर येऊन म्हणाले, जीव धोक्यात नाही, डोळा गेला.

"पण त्याले दिसलं होतं," चांगुणा म्हणाली. पाच दिवस तिला हेच खात होतं. तिनं सुईपासून मासोळीच्या मण्यापर्यंत सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी पाटीवर डोळा काढला. ही बाहुली, म्हणाले, हिच्यामागं एक चपटं, पारदर्शक भिंग असतं. वय झालं की ते गढूळ होतं, त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. त्यात पाप नाही की बीज नाही. त्या माणसानं बाहेर काहीच काढलं नाही. सुईनं ते भिंग आत ढकलून दिलं. खिडकीची फळी आत पडली तर खोलीत उजेड येतो, तेवढाच तो चमत्कार. पण फळी आतच पडून राहते, डोळ्याचा दाब वाढतो आणि घाणेरड्या सुईनं पू होतो. हे कळायच्या आत तो माणूस पुढच्या गावी असतो. मणी कापसात आधीच लपवलेला. आणि मासोळीचं भिंग गोल असतं, बाई, माणसाचं चपटं. तुम्ही बरोबर ओळखलंत.

जनकाबाईच्या डोळ्याचंही इथं ऑपरेशन होईल, गढूळ भिंग पूर्ण बाहेर काढू, हत्यारं उकळलेली असतात, नंतर जाड चष्मा लागेल, असं त्यांनी सांगितलं. हत्यार म्हटल्यावर तिनं पदराचं टोक पिळलं.

"डाक्टरसाहेब, तुमचंबी चुकलं तर?"

डॉक्टरांनी पाटी खाली ठेवली. "चुकू शकते, आजी. शंभरात काही डोळे बिघडतात. तुमचा बिघडला तर मी इथंच सापडीन. रोज सकाळी नऊला. येऊन भांडा माझ्याशी."

जनकाबाईनं चाचपत चांगुणाचा हात शोधला. "लिहा माहं नाव," ती म्हणाली. "अन् ही माह्यासंगं राहीन."

भीती गेली नव्हती. तिचा हात अजून गारच होता. पण तिनं विचारलं होतं आणि समोरच्यानं उत्तर दिलं होतं. बुवा असो की डॉक्टर, डोळा आपला आहे. त्याला हात लावू देण्याआधी विचारा: काय करणार, कशानं करणार, आणि बिघडलं तर तुम्ही कुठं सापडाल? या प्रश्नांवर जो शाप देतो, त्याच्यापुढून उठून या.