अकरा बादल्या

बाहेरून आल्या आल्या रिकामा पेला घेताना कौशल्याबाईंचा हात रामरावांच्या बोटांना लागला आणि रामरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात गार होता. मे महिन्यातली अकोल्याची दुपार, त्यात चारचा सुमार. अशा वेळी बायकोचा हात गार लागला, तर त्याचा अर्थ एकच होता.

"आजई गेली होती जीवनच्या घरी?"

"गेली होती."

"काहून? आपल्या घरी कूलर नाही काय?"

"हाये ना," एवढंच म्हणून कौशल्याबाई भांड्यांकडे वळल्या.

कूलर होता, आणि ऐरागैरा नव्हता. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर असताना रामरावांनी तो स्वतः पत्रा कापून बनवला होता. होळी झाली की त्याच्या जाळ्यांत ते निवडून आणलेला वाळा भरायचे. गच्चीला चुन्याचे दोन हात द्यायचे, त्यावर हिवरखेडच्या वावरातून आणलेली कपाशीच्या काड्यांची पऱ्हाटी अंथरायचे. मग मे महिन्याचं विजेचं इवलंसं बिल खिशात घालून गल्लीभर हिंडायचे. शेजारचा जीवन पोरवयात भाजीबाजारातून उन्हाचा आला की याच कूलरसमोर फतकल मारायचा. "काका, तुमच्या घरी तं चिखलदरा हाये!" म्हणायचा. तेव्हा रामरावांना मूठभर मांस चढायचं.

त्याच जीवननं यंदा एसी बसवला. वर गच्चीवर सोलरही. "काका, बिल शून्य!" असं त्यानं न विचारता सांगितलं. रामराव तोंडभर हसले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. शून्याच्या खाली बिल नेण्याची युक्ती त्यांच्याकडे नव्हती.

बिलाचं दुखणं त्यांनी एक वेळ गिळलं असतं. पण पंधरा दिवसांपासून कौशल्याबाई एकच्या ठोक्याला सुपात डाळ घेऊन तिकडे जायला लागल्या, हे काही केल्या पचेना. एसीचा बाहेरचा डबा आपल्याच भिंतीवर गरम हवा सोडतो, म्हणूनच हल्ली दोननंतर आपला कूलर चटके देतो, असं रामरावांनी ठरवून टाकलं होतं. कूलरच्या आत डोकावून पाहायची त्यांना गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी डाव टाकला. जीवनच्या खिडक्या कशा गच्च बंद असतात! मग आपणही गारवा कोंडायचा. त्यांनी दोन्ही खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं आणि कूलर सुरू केला.

"आज इथंच बस. मंग सांग कोनाचं घर गार ते."

कौशल्याबाई बसल्या. अर्ध्या तासात खोलीत दमट वाफ भरली. चादर ओलसर झाली, पोलकं पाठीला चिकटलं, श्वास घ्यायला जड जाऊ लागलं. कौशल्याबाई उठल्या आणि त्यांनी खिडकी उघडली.

"कूलर लावला का खिडकी उघडी ठेवा, हे गल्लीले तुमीच शिकवत होते ना?"

रामराव ओशाळले. मत्सरानं माणूस स्वतःचं कसबही विसरतो, हे कबूल करणं मात्र त्यांच्या जिवावर आलं.

"जाय मंग तिकडं!" ते ओरडले. "माह्या कूलरसमोर लोयला तो, अन् आता मायी बायकोई नेली त्यानं!"

कौशल्याबाई सूप उचलून दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"मी गारव्यासाठी नाही जात."

"मंग कायसाठी?"

"झोपीसाठी. तुमचा कूलर अकरा बादल्या पानी पेते. सकाऊन पाच भरा लागतात, दुपारी सहा. नळ आठवड्यानं येते, टाकं मागच्या आंगनात. दोन वाजता तुमी घोरता अन् मी बादल्या वायतो. तीस उन्हाये झाले. तिथं मले कोनी उठवत नाही."

आवाज चढला नव्हता. डाळीत किती मीठ टाकलं ते सांगावं, तसं सांगून त्या निघून गेल्या.

दोन वाजता कूलर कोरडा खडखडू लागला. रामरावांनी मागची जाळी काढली. तळाला पाण्याचा थेंब नव्हता. जीवनच्या एसीच्या डब्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. आता त्याच्यावर ढकलण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी बादली उचलली. टाक्यापासून कूलरपर्यंत वीस पावलं होती. ती आजवर त्यांना कुणी मोजायला लावली नव्हती. चौथ्या बादलीला कंबर करकरली. सहाव्या बादलीला त्यांनी उंबऱ्याला आणि जीवनच्या एसीला एकाच दमात शिवी घातली.

कौशल्याबाई चारला परतल्या, तेव्हा पाणी उंबऱ्यात सांडलं होतं, बादली आडवी पडली होती आणि रामराव कूलरसमोर फरशीवर पालथे होते.

"काय झालं वो?"

"काई नाही. सहावीच होती. उंबऱ्यात अडकलो."

त्या शेजारी बसल्या. लुगड्याला हात पुसून तो त्यांनी रामरावांच्या कंबरेवर ठेवला. हात गार होता. जीवनच्या घरचा गारवा! रामरावांचं अंग आखडलेलं पाहून कौशल्याबाई हात उचलू लागल्या.

"राहू दे," रामराव फरशीकडे तोंड करून म्हणाले.

थोड्या वेळानं तो हात त्यांच्या अंगाइतकाच गरम झाला. तरी कौशल्याबाईंनी तो काढला नाही.