डाव्या बाजूचे टायर

मावशींचा निर्णय म्हणजे कापडाला लावलेली कात्री. एकदा लागली की लागली, मग कुणी कितीही हळहळलं तरी कापड पुन्हा सलग व्हायचं नाही. आणि या वेळचा निर्णय असा होता की लेकीच्या घरून मुक्काम हलवायचा.

त्यांची एक जुनी मैत्रीण ज्या वृद्धनिवासात राहायला गेली होती, तिथली शेजारचीच खोली रिकामी झाली होती. खिडकी बागेकडे, जेवण वेळेवर, कुणाचा मिंधेपणा नाही. तिथल्या व्यवस्थापिका बाई म्हणाल्या होत्या, "संध्याकाळी फोन करते. हो की नाही, एवढंच सांगा. मागे रांग लागलीय." मावशी हो म्हणणार होत्या. फक्त त्याआधी लेकीच्या आणि जावयाच्या कानावर घालायला हवं होतं, आणि घरी ते जमत नव्हतं. घरी काही सांगायला गेलं की लेक भांडायला उठायची आणि जावई नुसताच उठायचा. गाडीत बरं, तिथं कुणाला उठून जाता येत नाही. म्हणून गाडीचे टायर बदलायला जायचं निघालं तेव्हा मावशी म्हणाल्या, "मीही येते."

"अगं आई, टायर घ्यायला चाललोय, कापड नव्हे!" लेक म्हणाली. "तू काय करणार तिथं?"

"बसेन. बसायला काय शिकायला लागतं?"

मावशी म्हणजे साऱ्या गल्लीच्या मावशी. जन्म शिवणकामात गेला. मशीनचं पायडल मारून मारून गुडघ्यांनी शेवटी हात टेकले, तेव्हा लेक त्यांना आपल्या घरी घेऊन आली, पंधरा दिवसांसाठी. त्या पंधरा दिवसांना आता दुसरं वर्ष लागलं होतं. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, ही म्हण मावशी स्वतःच दुसऱ्यांना ऐकवत आल्या होत्या. आता ती रोज सकाळी त्यांनाच ऐकू यायची.

लेकीचं त्यांना काही वाटत नव्हतं. चाळिशी ओलांडली तरी चिमी चिमीच होती. तोंडाची फटकळ, पण पोटात काही ठेवायची नाही. घोर होता तो जावयाचा. माणूस तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्यासारखा. लग्नात वऱ्हाडातल्या पोरींनी त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं ते कायमचं चिकटलं. आता जो बोलतच नाही त्याच्या मनात काय आहे हे माणसानं कसं ओळखायचं? मावशींनी आपल्या परीनं ओळखलं होतं: याला आपण नकोसे झालोय.

पुरावा काय, तर गाडी. मावशींना गुडघ्यांच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं काम मौनीबाबाकडे होतं. छोटी एसयूव्ही, मावशी पुढे त्याच्या डाव्या बाजूला. दारात पोचलं की हा पठ्ठ्या गाडी लावायचा, मग मागे घ्यायचा, पुन्हा पुढे घ्यायचा, आरशात बघून उसासा टाकायचा, पुन्हा मागे. टायर फुटपाथच्या कडेला कर्रर्र घासला की मगच इंजिन बंद. मावशींनी दाराला हात घातला की "थांबा". उतरताना "पाय जपून". संपलं भाषण. त्या उसाशांचा अर्थ मावशींनी लावला होता, की कंटाळलाय बिचारा, आणि कंटाळणारच की.

मागच्या खेपेला तर कहर झाला. दवाखान्यासमोर कडेला कुणीतरी गाडी लावून ठेवली होती. मावशी म्हणाल्या, "इथंच उतरते मी, रस्त्यात. जवळ तर आहे." तर तो म्हणाला, "नाही." असा तुटक, की मावशींच्या काळजात चर्र झालं. मग तो गोल गोल फिरत राहिला, ती जागा रिकामी होईपर्यंत. मावशींची वेळ चुकली, डॉक्टरीणबाई रागावल्या, आणि त्या दिवशी घरी आल्यावर मावशींनी वृद्धनिवासात फोन लावला.

टायरच्या दुकानात रबराचा वास नाकात बसत होता. पुढे काचेची खोली, तिच्यात खुर्च्या. मागे गाडी उचलायचं यंत्र. मौनीबाबानं सगळ्यात उंच पाठ असलेली खुर्ची ओढून काचेजवळ ठेवली आणि स्वतः उभा राहिला. मावशी तिच्यावर टेकल्या. वाटेत सांगायचं राहूनच गेलं होतं, कारण चिमीनं मागच्या सीटवरून अख्खा रस्ता टायरपुराण लावलं होतं. ठीक आहे, परतताना सांगू, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

दुकानाची मालकीण चांगली ऐसपैस बाई होती, हसली की खांदे हलायचे. गाडी वर उचलली, चाकं निघाली, तशी तिनं कपाळाला हात लावला.

"अहो, गाडी कोण चालवतं?"

"हे काय ध्यान उभं आहे," चिमी म्हणाली.

"उजव्या बाजूचे टायर नुसते झिजलेत, वय झालं त्यांचं. पण डावे बघा! बाजू पार सोलून निघालीय. आणि पुढच्याला हा फुगा आलाय, दिसला? हा भर रस्त्यात फुटला असता म्हणजे?"

"मी हजारदा सांगितलं! पार्किंग म्हणून येत नाही याला. हातभर जागा सोडायची तर हा फुटपाथला जाऊन खेटतो. लग्नाआधी कशी गाडी लावायचा, मला दाखवायला! आता सगळी कला उतरली."

मौनीबाबा कान खाजवत टायरांच्या मांडणीकडे बघत राहिला.

मालकिणीनं तीन टायर समोर उभे केले. पहिला दांडगा, मोठ्या खाचांचा. चिमीचा जीव लगेच त्याच्यावर जडला. "हाच! बघ कसा रुबाब आहे. खड्डा असो, चिखल असो, आडवातिडवा गेला तरी चालेल."

"चालेल की," मालकीण म्हणाली. "थोडा आवाज करेल, पण गाडी दिसेल झकास. दोन बोटं उंचही होईल."

"उंच होईल?" मौनीबाबानं विचारलं. दुकानात शिरल्यापासूनचा त्याचा हा पहिला शब्द.

"होणारच. टायर मोठा ना."

"मग नको."

"अरे, मग नको काय? सगळी दुनिया उंच गाडी मागते!" चिमीनं कमरेवर हात ठेवले. "दोन बोटांनी तुझं काय अडतंय? आभाळाला डोकं लागणार आहे?"

"नको," तो म्हणाला, आणि दुसऱ्या टायरवर अंगठा दाबून बघायला लागला. मग तिसऱ्यावर. "यातल्या कुठल्याची बाजू जाड?"

"या तिसऱ्याची. ही कड बघा, बाहेर आलेली, ही घासण्यासाठीच असते. पण थोडा कडक चालतो हा." मालकिणीचे खांदे हलायला लागले. "काय हो साहेब, घासायचं ठरवूनच आलात की काय?"

"घासणार," तो म्हणाला.

मालकीण खदखदून हसली. चिमीनं "देवा रे!" म्हणून डोकं धरलं. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात काहीतरी अडकलं. ज्याला गाडी लावता येत नाही, तो म्हणतो, आता नाही घासणार, जपून लावीन. शरमेनं तरी म्हणतो. नवे टायर घेताना घासणारच म्हणून सांगणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

त्या उठल्या, काठी टेकत काचेबाहेर गेल्या आणि काढून ठेवलेल्या टायरांपाशी उभ्या राहिल्या.

"आई, हात काळे होतील!"

"होऊ देत. धुता येतात."

कापड कुठं विरलंय हे बघून माणूस कसा बसतो, कशावर रेलतो, मूल कुठल्या कडेवर घेतो, हे मावशींना न विचारता कळायचं. कोपर विरलं की टेबलावर काम करणारा, एकच खांदा विरला की ओझं वाहणारा. डाव्या टायरवरून त्यांनी बोट फिरवलं. एका ठिकाणी ठेचकाळलेलं नव्हतं, एखाद्या दिवशी धडकलेलं नव्हतं. सगळीकडून सारखं, बारीक, थरावर थर घासलेलं. असं चुकून होत नाही. असं रोज एकच काम केल्यानं होतं.

आणि मग त्यांना आपला पाय आठवला.

दुसऱ्या कुणाच्या गाडीतून उतरायचं म्हणजे आधी खाली रस्त्यावर उतरा, मग फुटपाथ चढा; दोन्ही वेळा गुडघ्यातून कळ डोक्यात जायची. या गाडीतून उतरताना? दार उघडलं की समोर फुटपाथ, घराच्या उंबऱ्यासारखा. पाय सरळ ठेवला की झालं. मावशी तर ज्याला त्याला सांगत सुटायच्या, "आमच्या चिमीची गाडी फार गुणाची हो, उतरायला अगदी सोपी!" गाडी गुणाची! अगं बाई, गाडीला काय कळतंय? पुढे-मागे, पुढे-मागे करत टायर सोलून घेत होता तो हा. ते उसासे कंटाळ्याचे नव्हते, नीट खेटली नाही म्हणून होते. तो तुटक नकार रस्त्यात उतरू न देण्याचा होता. आणि दोन बोटं उंची नको होती, कारण मावशींना तेवढंही चढायला-उतरायला जास्त झालं असतं. बायकोची एवढी बोलणी खाल्ली पठ्ठ्यानं, पण एकदाही म्हणाला नाही, की तुझ्या आईसाठी करतोय. म्हणाला असता, तर मावशी दुसऱ्या दिवसापासून रस्त्यात उतरल्या असत्या. हेही ओळखून होता मेला.

मावशींचे डोळे भरून आले. रबराचा वास फार आहे, असं म्हणून त्यांनी पदरानं पुसले.

"तिसराच घ्या," त्या म्हणाल्या. "जाड बाजूचा."

"आता तूही त्याच्याच पार्टीत?" चिमी म्हणाली. "चांगली जोडी जमलीय. एक बोलत नाही आणि दुसरी ऐकत नाही."

परतीच्या वाटेवर मावशी पुन्हा पुढेच बसल्या होत्या. जे सांगायला आल्या होत्या ते सांगायचं उरलं नव्हतं, आणि जे सांगायचं होतं त्याला शब्द सापडत नव्हते. त्या नुसत्या चोरून जावयाच्या हातांकडे बघत होत्या. असं माणूस आपल्या लेकीला मिळालं, आणि आपण त्याच्यापासून पळून निघालो होतो.

घर आलं. मावशी हळूच म्हणाल्या, "आज जरा लांबच लावा गाडी. नवे टायर आहेत. मी उतरेन हळूहळू."

मौनीबाबानं गाडी पुढे घेतली. आरशात बघितलं, उसासा टाकला, मागे घेतली. त्याच वेळी मावशींच्या पिशवीत फोन वाजायला लागला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मग कर्रर्र.

"अरे! नवे टायर! घरी आणून पाच मिनिटं नाही झाली!" चिमी मागून किंचाळली.

मावशींनी दार उघडलं. समोर फुटपाथ होता, अगदी पायाशी. त्यांनी तिथंच बसून आधी फोन घेतला.

"हो, मीच बोलतेय... नाही हो, नाही येत मी. द्या ती खोली दुसऱ्या कुणाला... पक्कं म्हणजे पक्कं." त्यांनी फोन पिशवीत टाकला.

"कसली खोली?" चिमीनं विचारलं. "आई, कसली खोली?"

"सांगते घरात. भांडायचं तर तिथं भांड." मग त्या जावयाकडे वळल्या. आवाज थोडा कापला, तो त्यांनी कापू दिला. "जावईबापू, माझ्यापायी टायर सोलून घेतलेत तुम्ही. मला आज कळलं. इतके दिवस मी गाडीचं कौतुक करत होते. फार माया केलीत हो."

चिमी मागून पुढे वाकली, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. मौनीबाबाचे कान लाल झाले. त्यानं स्टीअरिंग उगाच पुसलं.

"टायर घासायचेच असतात, आई," तो म्हणाला. एका दिवसात एवढं बोलणं त्याला जड गेलं असावं, कारण तो लगेच खाली उतरून, वळसा घालून त्यांच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि हात पुढे केला.

"पाय जपून," तो म्हणाला.

मावशींनी तो हात धरला आणि पाय सरळ फुटपाथवर ठेवला.