नळातली बाधा

"अरे बघा, बघा! कांडी बोलली!"

न्हाणीघराच्या दारात अशी रेटारेटी चालली होती की मुंगीला शिरायला जागा नव्हती. आत कांडीबाबा उभे. हातात काळ्या कापडात गुंडाळलेली बोटभर कांडी. त्यांनी ती शेजारणीच्या खांद्याजवळ नेली, कांडी गप्प. सासूबाईंच्या कपाळाजवळ नेली; गप्प. मग नळ धरून उभ्या असलेल्या सुनेजवळ नेली मात्र, आणि कांडी चिव् चिव् चिव् ओरडायला लागली. टोकाला लाल उजेड लुकलुकला. गर्दीतून एकदमच "बाप रे!" निघालं.

"पाहिलंत?" बाबांनी आवाज खाली आणला. "नळाला हात लावला की हिला मुंग्या येतात ना? ही बाधा पाण्याच्या वाटेनं येते. पण या रबरी चपलांमुळे तिला खाली उतरायला वाट मिळत नाही, म्हणून हिच्या अंगातच मुक्काम ठोकून बसलीय!"

आता गंमत बघा, यातलं शेवटचं वाक्य चुकून का होईना, बरंचसं खरं होतं. तेच भयंकर होतं.

सुनेचा धाकटा भाऊ धापा टाकत पोचला तो नेमका याच वेळी. हा गडी पूर्वी कापडाच्या दुकानात कापड फाडायचा. दुकान बसलं, तेव्हा तिशी उलटल्यावर वायरमनच्या हाताखाली काम शिकायला लागला. विजेला इतका भ्यायचा की उस्ताद त्याला भागूबाईच म्हणायचे. त्या सकाळी तो स्वतःचा पहिला टेस्टर घ्यायला गेला होता. मन बसलं होतं ते पेनसारख्या टेस्टरवर. तारेला शिवायचं नाही, नुसता जवळ न्यायचा की चिवचिवतो. भित्र्याला आणखी काय हवं?

पण उस्तादांनी बजावलं होतं, "पेन एवढंच सांगतो की आसपास वीज आहे. ती कुठून कुठे जाणार, जीव घेणार की नाही, ते त्याला कळत नाही. दोन टोकांचा घे. दोन्ही टोकं टेकवावी लागतात, हात थरथरतात, पण खरं कळतं." म्हणून बिचाऱ्यानं नाक मुरडत दोन टोकांचा घेतला. तेवढ्यात शेजाऱ्याचा फोन आला, "तुझ्या ताईची बाधा काढतायत."

आणि आता ती चिवचिव त्याच्या कानावर पडली. सकाळी दुकानात त्यानं पेनमधून हाच आवाज काढून काढून दुकानदाराचं डोकं उठवलं होतं. काळ्या कापडात तसलाच पेन आहे, हे त्याला कळलं.

"पोरी, चपला काढ," बाबा म्हणत होते. "सासूबाई, हिच्या पायांवर पाणी सोडा. आणि पोरी, काहीही झालं तरी नळ सोडायचा नाही!"

ताई रडत होती. रडत रडतच तिनं एका चपलेतून टाच सोडवली.

"ताई! चप्पल काढू नकोस! नळ सोड!"

ओरडला खरा, पण आवाज चिरका निघाला. कोणीतरी फिस्सकन हसलं.

"ऐकलंत?" बाबा कडाडले. "भावाच्या तोंडून तीच बोलतेय. तिला जायचं नाहीये!"

झालं! लोक त्याच्यापासून झटकन मागे सरले. एकानं मागून कॉलर धरली. ताई कधी बाबांकडे, कधी त्याच्याकडे बघत होती आणि टाच अधांतरी होती.

"ताई, तुला माझी शपथ आहे गं!"

तिनं नळ सोडला. चपला फरफटवत बाहेर आली आणि त्याच्या दंडाला घट्ट धरून राहिली.

"अर्धवट सोडलंत," बाबा थंडपणे म्हणाले. "आता या घरात मरण येणार."

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्या नातवाला काही झालं तर? तू जबाबदारी घेशील का रे?"

"घेतो, मावशी," तो म्हणाला.

त्यानं बोळातल्या सॉकेटमध्ये टेस्टरची टोकं घातली. दिवे लागले. म्हणजे यंत्र चालू आहे. मग कोरडा लाकडी पाट ओढून तो त्यावर उभा राहिला, आणि एक टोक नळाला, दुसरं मोरीच्या ओल्या लोखंडी जाळीला टेकवलं. आपण जिवंत परत येणार की नाही, याची त्याला खात्री नव्हती.

टेस्टरवरचे सगळे दिवे भसकन पेटले.

"मावशी, हे टोक ताईच्या हाताच्या जागी, हे पायाच्या जागी. चपलांमुळे फक्त मुंग्या येत होत्या. अनवाणी, ओल्या पायांनी ती नळ धरून उभी राहिली असती ना, तर सगळी वीज तिच्या अंगातून गेली असती."

मग त्यानं गिझर बंद करून प्लग उपटला आणि टोकं पुन्हा नळाला आणि जाळीला टेकवली. दिवे लागले नाहीत. बाबा लगेच म्हणाले, "याचं यंत्रच मेलं!" भागूबाईनं तीच टोकं पुन्हा सॉकेटमध्ये घातली. दिवे लखलखले. बाबांचं तोंड बघण्यासारखं झालं.

प्लग हातात घेतल्यावर उलगडा झाला. तिसरी, जाड पिन करवतीनं कापलेली. गर्दीत उभे असलेले ताईचे यजमान खाली मान घालून म्हणाले, "बोर्डाला दोनच भोकं होती. म्हटलं, ही उगाच जास्तीची आहे." गिझरमध्ये गळणारी वीज त्या पिनेतून जमिनीत जायची. वाट कापल्यावर ती लोखंडी पाइपातून नळात उतरली, आणि नळातून ताईच्या अंगात. म्हणून कांडी फक्त तिच्यापाशी ओरडत होती.

शेजारणीनं बाबांच्या हातून कांडी हिसकावली आणि चालू टीव्हीच्या वायरीजवळ नेली. चिव् चिव्! मिक्सरच्या वायरीजवळ नेली. चिव् चिव्! "अगं बाई, मिक्सरलाही झपाटलं!" लोक हसेपर्यंत बाबांनी काढता पाय घेतला होता.

माणूस खुनी नव्हता हो, नुसता अडाणी आणि लबाड होता. पण मेलेल्याला त्यात काय फरक पडतो?

सासूबाईंनी सुनेला जवळ घ्यायला हात पुढे केला. ताई जागची हलली नाही.

"महिनाभर सांगत होते, आई. नळ धरला की झिणझिण्या येतात. तुम्ही म्हणालात, कामाचा कंटाळा. हे म्हणाले, मनाचे खेळ. आज कांडी बोलली, तेव्हा कुठे तुम्हाला पटलं."

सासूबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला.

लोकहो, न कळणाऱ्या गोष्टीला घाबरा, खुशाल घाबरा. तो भागूबाईसुद्धा शेवटपर्यंत घाबरलेलाच होता. पण घाबरल्यावर हात जोडायच्या आधी मेन स्विच बंद करा, आणि जिला झटका बसतो, तिला विचारा काय होतंय ते.