बराबर निळा

“हा सपाट, हा वाकडा. आता सांगा, कोन्ता दाखवू?” राधेश्यामने विचारलं आणि बापलेकीने एकाच वेळी दोन वेगळ्या स्क्रीनकडे बोट केलं.

मी स्टुलावर बसून पदराने वारा घेत होते. मॉनिटर म्हणजे टीव्हीसारखं काहीतरी, गेलं की उचलून आणायचं, असा माझा समज होता. यापेक्षा मुलगी दाखवायचा कार्यक्रम बरा. हे नाकाने नको म्हणायचे, सुमेधा मानेने. दुकानदार बिचारा वायरी काढतोय, लावतोय.

“वाकडी स्क्रीन कशाला पाह्यजे?” हे म्हणाले. “बॅनर सरळ असते.”

“पप्पा, त्या जुन्या डब्यावर शत्रू दिसायच्या आधीच मी मरून जाते.”

“मंग जाय. मी तिथं काम करून राह्यलो, लढाई न्हाई.”

दिवसा यांनी बॅनर करायचे आणि संध्याकाळी पोरीने तो गोळ्या मारायचा खेळ खेळायचा, असा घरात एकाच मॉनिटरवर दोघांचा संसार. त्यामुळे नवा घ्यायचा तर दोघांना चालेल असा. राधेश्याम हर्ट्झ सांगायला लागला. मी विचारलं, ते काय असतं?

“एका सेकंदात चित्र किती बार बदलते ते, वहिनी. गेमसाठी जेवढं जास्त तेवढं भारी. पन भाऊला रंग पाह्यचे असतील त हा सपाट घ्या. कोन्याबी बाजूनं पाहा, रंग तोच.”

“एकदाच नीट दिसलं तरी लई झालं,” मी म्हणाले. कोणी हसलं नाही.

नीट दिसण्याचीच तर भानगड होती. मस्तगडात आमचं फ्लेक्सचं दुकान. त्याआधी हे ब्रशने पाट्या रंगवायचे, डब्यात नुसती काडी फिरवून पाहिजे तो रंग काढायचे. यांच्या हातचा रंग चुकला असं कधी कोणी म्हटलं नव्हतं. पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं बॅनर सोडा, त्यात पुढारी जरा जास्त गोरा निघाला तर उलट खूश होतो. पण या वर्षी भीमजयंतीला केदारखेड्याच्या विहाराचं बॅनर जांभळं निघालं. आपलं, घरचं काम, आणि जांभळं. विहाराचं काम पाहणारे पुंजारामदादा भांडले नाहीत. नुसतं म्हणाले, “रामकिसन, हा आपला निळा न्हाई.” यांनी पुन्हा छापलं, तर आणखी जांभळं. शेवटी जयंतीला तेच लागलं. हे मिरवणुकीत गेलेच नाहीत. आता बुद्ध पौर्णिमेचंही काम दादांनी आमच्याकडेच दिलंय, पण या खेपेला चुकलं तर ते पुन्हा येणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल. “मॉनिटर गेला,” असं यांनी तेव्हापासून लावून धरलेलं.

राधेश्यामने पौर्णिमेचं बॅनर पेनड्राइव्हवरून उघडून सगळ्या स्क्रीनवर एकदम लावलं. हे एकेकीसमोर उभे राहिले.

“हा मळका. हा बी मळका. हा त बिलकुल हिरवट मारून राह्यला.”

राधेश्यामने बटणं दाबली, वायर बदलली. उजेड पडतो म्हणून अर्धं शटर ओढलं. हे तेच म्हणत राहिले. मला तर सगळीकडे जांभळट दिसत होतं, आणि सगळीकडे सारखंच. माझं डोकं फिरलं.

“नाचता येईना, अंगन वाकडं,” मी म्हणाले. “आता त खरंच वाकडं आनून ठेवलंय त्यानं पुढं. घ्या न कोन्ता तरी एक.”

सुमेधा स्क्रीनकडे पाहत नव्हती. बापाकडे पाहत होती. तिने गळ्यातली ओढणी काढून यांच्यासमोर धरली.

“पप्पा, हिचा रंग कोन्ता?”

“मोरपंखी. का बरं?”

ओढणी निळी होती. स्वच्छ, आकाशी सुद्धा नाही, निळी. कापडाला काही मॉनिटर लागत नाही.

राधेश्याम हळूच म्हणाला, “भाऊ, माझ्या बाबूजीला असंच झाल्तं. मोतीबिंदू. आस्ते आस्ते येतो, आपल्याला समजत न्हाई. निळा हिरवट दिसला की आपन गुलाबी वाढवतो. मंग छापल्यावर जांभळं निघते. ऑपरेशन केलं, आता बराबर हायेत.”

यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, घातला, पुन्हा ओढणीकडे पाहिलं. मला भयंकर राग आला, आणि कोणावर काढावा ते कळेना. या माणसाने आयुष्यात दुसरी कसली मिजास केली नव्हती. रंगाची तेवढी होती.

“वाकडाच बांध, राधेश्याम,” हे म्हणाले. “मला काय, सगळे सारखेच.”

“वाकड्यावर बॅनर कसं करू मी?” सुमेधा चिडली. “सपाट द्या, काका. आन तुमी, पप्पा, सोमवारी डॉक्टरकडं. जास्तीचं बोलू नका.”

“ऑपरेशन होईल तवा होईल. पौर्णिमा थांबते का?” हे सपाट स्क्रीनसमोर खुर्ची ओढून बसले. माऊसने गुलाबी रंगाचा आकडा पकडला आणि बोट खालच्या बाणाच्या बटणावर ठेवलं. एकदा दाबलं की गुलाबी थोडा कमी. “तू पाह्य. मी कमी करतो. निळा झाला की थांब म्हन.”

आणि यांनी डोळे मिटून घेतले.

“मिटले कशाला?” मी विचारलं.

“उघडे असले की बोट त्याह्यचंच ऐकते.”

टक, टक, बटण वाजत राहिलं. जांभळा उतरू लागला. राधेश्यामने गिऱ्हाइकाला हातानेच बाहेर थांबवलं.

“थांबा,” सुमेधा म्हणाली. “जरा जास्त झालं. एक वापस घ्या.”

यांनी एक परत घेतलं.

“आता?”

ती पाहत राहिली. मीही उठून तिच्या मागे उभी राहिले.

“आता बराबर हाय, पप्पा.”

“आईला इचार.”

“बराबर हाय,” मी म्हणाले. “आपला निळा.”

“मंग सेव्ह कर,” हे म्हणाले आणि माऊस तिच्याकडे सरकवला. तिने सेव्ह केलं, फाइल बंद केली, स्क्रीन काळी केली. त्यानंतरच यांनी डोळे उघडले.