लवूच्या ट्रकचा मागचा नळा

मित्रांनो, मी एक जुना नळा आहे. मालवणच्या परशुराम लोहाराने रॉकेलचे तीन डबे कापून मला घडवलं, त्यामुळे कुळाचा तोरा मिरवायची सोय नाही. पण एका ट्रकचा जीव मी वर्षानुवर्षं सांभाळला आहे.

गोष्ट १९६२ सालची. सत्यवती बर्फातले बांगडे लवूच्या ट्रकमधून कोल्हापूरला न्यायची. नवरा गेल्यावर तिचं घर त्या मासळीवरच चालत होतं. पण फोंडा घाटात ट्रक हटकून तापायचा आणि तो निवेपर्यंत बर्फाचं पाणी व्हायचं. 'आणखी एकदा मासळी बिघडली तर तुमचा माल बंद,' असं व्यापाऱ्याने बजावलं होतं.

वारा जास्त मिळावा म्हणून लवूने ट्रकची पुढची जाळी काढून टाकली. तरी ट्रक तापायचा तो तापलाच.

"मागचा दार बंद ठेवन पुढचा उघडलस, तर वारो घरात येतलो कसो रे?" सत्यवती म्हणाली.

ट्रक बघायला आलेल्या परशुरामाला ते पटलं. त्याने माझं एक तोंड इंजिनाच्या मागे बसवलं, दुसरं ट्रकखाली मागे वळवलं आणि धुराची नळी माझ्या पोटात सोडली. धूर जोराने मागे सुटताना इंजिनाभोवतीची गरम हवाही ओढून नेई.

"ह्यो डबो काय करतलो!" लवू हसला. मला मनस्वी राग आला.

पण पहिल्याच फेरीत ट्रक न थांबता घाट चढला. आत कोंडून गाडीला अडवणारी हवा मोकळी झाल्यामुळे सपाटीवरही तो हलका धावू लागला. लवूने मला भर बाजारात थोपटलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी फुगलो होतो.

सुरुवातीला लवू रोज माझ्यातला चिखल काढायचा. हळूहळू त्याला विसर पडला. चौथ्या वर्षी दसऱ्याला त्याने पुढचे दिवे घासले, आरसे पुसले, हार घातला. मी लाल मातीने बुजलो होतो, तिकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रक घाटात उकळला आणि दुपारपर्यंत हलला नाही. सत्यवतीने टोपलीत हात घालून बांगडा चाचपला. मग एकेक टोपली तिने स्वतःच दरीत रिकामी केली.

"काकी, माझी चूक झाली," लवू म्हणाला.

"तुका तरी काय बोलू रे? मागे वाकान बघता कोण?"

व्यापाऱ्याने शब्द खरा केला. सत्यवती डोक्यावर पाटी घेऊन पुन्हा दारोदार फिरू लागली.

मित्रांनो, लवूने त्याच संध्याकाळी मला लख्ख धुतलं. पुढे कितीतरी वर्षं मी नीट हवा ओढली, पण सत्यवती त्या ट्रकमध्ये पुन्हा बसली नाही. समोरचं चकचकीत ते सगळेच पुसतात. तुम्ही मागचंही पुसा, पण वेळेवर.