पाठ नसलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. काळा, चकचकीत बटणांचा आणि पाठीत मानेपासून खालपर्यंत उभा फाडलेला. दचकू नका, मी फोटो स्टुडिओतला कोट! शिंप्याने मला चांगले अखंड शिवले होते; पण आडव्या अंगाचा एक ठेकेदार फोटोला आला आणि माझ्या मालकाने कात्री चालवली. तेव्हापासून लठ्ठ असो की काडीपैलवान, मी सगळ्यांना बसू लागलो. मागून दोन चिमटे लावले की झाले. किती बेकारांना मी साहेब केले! तेव्हा मी भलताच भाव खात असे. पुढे फोटोतले कपडे मोबाइलवरच बदलता येऊ लागले आणि मी खुंटीवर धूळ खात पडलो.

अशात मालकाच्या भाचीला व्यवस्थापनाच्या एका मोठ्या संस्थेतून मुलाखतीचे बोलावणे आले. पोरगी हुशार, पण गुणांचा काही ताळमेळ नाही. पहिल्या वर्षी वर्गात पहिली, दुसऱ्या वर्षी चार विषयांत आपटलेली, तिसऱ्या वर्षी पुन्हा वर. मधल्या वर्षाबद्दल तिने घरात कधी तोंड उघडले नव्हते. बाकी सगळ्या संस्थांनी गुण पाहूनच नकार कळवला होता. उरली ही एकच.

"हाच कोट घाल," मामा म्हणाला. "यातला एकही फोटो आजवर कुणी नाकारला नाही."

"अरे मामा, याला पाठ कुठंय?"

"तू दाखवूच नकोस ना पाठ! आणि मधल्या वर्षाचं विचारलं तर टायफॉइड झाला होता म्हण."

मुलाखतीच्या खोलीत ती भिंतीला घासतच शिरली. चष्मेवाल्या परीक्षक बाईंनी कागद चाळले आणि म्हणाल्या, "तुमच्या गुणांचा आलेख फळ्यावर काढून दाखवा बरं."

माझी तर पाचावर धारण बसली. तिने आधी हात मागे नेऊन आलेख काढून पाहिला. रेघ फळ्याबाहेर गेली. शेवटी बिचारी वळली आणि एक चिमटा टपकन खाली पडला. कुणीतरी फिसकन हसले.

"हे काय हो?"

"फोटोचा कोट आहे, मॅडम. पुढूनच चांगला." ती लालबुंद झाली आणि टायफॉइड विसरून खरेच बोलू लागली. "दुसऱ्या वर्षी मी जेवणाचे डबे पोचवायचा धंदा काढला होता. घरी सांगितलं नाही. गिऱ्हाइकं वाढली तसा तोटाच वाढत गेला. त्यात अभ्यास बुडाला."

"तोटा का वाढला?"

"तेच कळलं नाही, मॅडम. तेच शिकायला आलेय."

बाई उठल्या, चिमटा उचलून त्यांनी मला परत लावला आणि म्हणाल्या, "बसा."

प्रवेश मिळाला! मामाने माझी पाठ भाचीच्या मापाने शिवून घेतली. आता मी तिच्या वसतिगृहात राहतो. पहिल्याच चाचणीत ती एका विषयात नापास झाली. या वेळी मात्र तिने त्याच संध्याकाळी मामाला फोन लावला. पलीकडून मामाने एवढेच विचारले,

"जेवलीस का?"

"नाही."

"आधी जेव. मग सांग."

जेवून तिने पुन्हा फोन केला आणि डब्यांच्या धंद्यासकट सगळे सांगून टाकले. मला फार बरे वाटले.

मित्रांनो, जुन्या कोटाला अधूनमधून ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. आणि घरात कुणी नापास होऊन आले, तर त्याला आधी जेवायला वाढा. बाकीचे तो आपणहून सांगतो.