एकच उशी

थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षाची गोष्ट. तिचं बाळंतपण उरकून बायको परतली, तोवर गादीवाल्याचे पाय चपलेत मावेनासे झाले होते. दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना तो मधेच बसला, तेव्हा तिने त्याला इस्पितळात आणलं.

“झोपताना उशा किती लागतात?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

त्याने तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, “एकच. लग्न झाल्यापासून एकच.”

गादीवाला खिडकीबाहेर बघत राहिला.

बाईंनी त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, तो लवकर भरेना. “आडवं झाल्यावर दम लागतो?”

“छे. मी शेजारीच असते की.”

बाईंनी कागदावर उशांचा आकडा लिहिला, एक.

दुपारी ती त्याचे कपडे आणायला घरी गेली. इस्पितळातली उशी अगदीच पातळ, म्हणून त्याची उशी घ्यावी म्हटलं, तर ती एका हाताने उचलेना. खोळी ती शिवायची, कापूस तो भरायचा. अंथरुणं घालणं-काढणंही त्याच्याकडेच. तिने उशी दुकानातल्या काट्यावर टाकली. एका उशीला किलोभर कापूस लागतो. काटा साडेतीन दाखवत होता.

“गिऱ्हाइकाला कधी मूठभर जास्त दिला नाहीत,” परत आल्यावर ती म्हणाली, “आणि हे काय?”

त्याला हसू आलं. हसण्याचा खोकला झाला.

“थोडा थोडा भरत गेलो. दुसरी उशी मागितली असती, तर तू हललीच नसतीस घरातून. पोरीला कोण होतं तिकडे?”

“कधीपासून?”

“तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून.”

 ती उठून डॉक्टरीणबाईंकडे गेली.

“बाई, मघाशी मी चुकीचं सांगितलं. तीन उशा. आठ महिने झाले.”

 बाईंनी आधीचा आकडा खोडून नवा लिहिला.

औषधाने पाणी उतरलं, वजन चार किलोंनी घटलं. हृदय मात्र सावरेना. पलंगाची डोकेबाजू वर करूनही त्याला टेकता येईना. बायको चप्पल काढून पलंगावर चढली आणि त्याच्या पाठीमागे बसली.

“उतर खाली. लोक बघतात.”

“बघू देत. टेका तुम्ही.”

तो टेकला.

गादीवाला वारला तो मंगळवार होता. सकाळचे दहा वाजले होते.